फेलोशिपची बातमी आपल्या वस्तीत उशिरा का पोचते?

संशोधन करायला काय लागते असे विचारले की आपण पटकन सांगतो : पैसा, मार्गदर्शक, ग्रंथालय, वेळ. हे सगळे लागतेच. पण या सगळ्याच्या आधी लागते ती बातमी. अर्ज कधी निघाला, मुदत कधी संपते, दाखला कोणत्या नमुन्यातला हवा, कोणत्या मार्गदर्शकाकडे जागा रिकामी आहे, कोणता नियम बदलला. ही बातमी ज्याच्या घरात जेवताना बोलण्यात येते, त्याला ती माहिती वाटतच नाही, ते त्याला जगण्याचाच भाग वाटते. ज्याच्या घरात विद्यापीठाची पायरी पहिल्यांदाच चढली गेली, त्याला तीच बातमी मुदत संपल्यावर तिसऱ्या माणसाकडून कळते. मग सगळे म्हणतात, मुलगा हुशार होता, पण धडपड कमी पडली.

धडपड कमी पडलेली नसते, ओळख कमी पडलेली असते. ओळखी कशा वाटल्या जातात हे या देशात सांगायची गरज नाही. म्हणून माझे म्हणणे पहिल्यांदाच स्पष्ट मांडते. संशोधक विद्यार्थ्यांपर्यंत बातमी आणि साधने पोचवणे हे समाजसेवेचे किरकोळ काम नाही. ते चळवळीचे काम आहे, आणि आजवर आपण ते चळवळीचे काम म्हणून केलेले नाही.

‘काय दिवे लावणार?’ या प्रश्नाचे उत्तर

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात, फेलोशिपच्या जागा कमी का केल्या यावर चर्चा चालू असताना, तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार आहेत अशा आशयाचा प्रश्न केला. चर्चा सारथीच्या विद्यार्थ्यांची होती, पण तो टोला बार्टी, महाज्योती, टीआरटीआय अशा सगळ्याच संस्थांच्या संशोधकांना लागला. पुढे त्यांनी खुलासाही केला. माणसाचा राग धरण्यात अर्थ नाही. प्रश्न त्यामागच्या समजुतीचा आहे. फेलोशिप म्हणजे सरकारने दिलेली खिरापत, आणि घेणारा म्हणजे फुकट्या, अशी ती समजूत.

या समजुतीला महात्मा फुल्यांनी १८८२ सालीच उत्तर देऊन ठेवले आहे. हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की सरकारचा महसूल येतो शेतकरी-कष्टकऱ्यांच्या घामातून आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. म्हणजे खिरापत कोण कोणाला वाटत होते, हा हिशेब जुना आहे. आज आपल्या मुलाला महिन्याला मिळणारी फेलोशिप ही त्या थकबाकीचा एक छोटा हप्ता आहे.

दुसरे उत्तर बाबासाहेबांच्या आयुष्यात आहे. १९१३ साली बडोद्याच्या महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तिची मुदत होती तीन वर्षे. ९ मे १९१६ रोजी त्यांनी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला, तो याच शिष्यवृत्तीच्या काळात. त्याच वर्षी ते लंडनला गेले आणि १९१७ साली मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धवट टाकून परतले. म्हणजे फेलोशिप मध्येच थांबणे काय असते, हे आपल्या बापाने स्वतः भोगले आहे. पण निघताना त्यांनी एक काम केले होते. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठवला, शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला पोचले. १९२३ साली त्यांना डी.एस्सी. मिळाली. रुपयाच्या प्रश्नावरचा तो प्रबंध आजही अर्थशास्त्राचे विद्यार्थी वाचतात. काय दिवे लावले, हे विचारणाऱ्याने तो उघडून पाहावा.

या गोष्टीतून आपण नेहमी त्यागाचा धडा घेतो. मला त्यात दुसराही धडा दिसतो. मुदत काय आहे, नियम काय आहे, परवानगी कोणाकडून घ्यायची, हे बाबासाहेबांना ठाऊक होते आणि ती परवानगी त्यांनी वेळेत पदरात पाडून घेतली होती. जिद्दीइतकेच महत्त्व त्यांनी कागदाला दिले.

लढलो, पण कशासाठी लढावे लागले?

अलीकडचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे, तरी नोंद हवी. बार्टीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय संशोधन अधिछात्रवृत्तीच्या २०२१ च्या तुकडीत ८६१ विद्यार्थी होते आणि सरकार २०० वर अडून बसले होते. २०२३ च्या सुरुवातीला आपली मुले-मुली आझाद मैदानावर आठवडेच्या आठवडे बसली. पुढे सगळ्या संस्थांना एकच ‘समान धोरण’ लावले गेले आणि चाळणी परीक्षा आली. २४ डिसेंबर २०२३ च्या परीक्षेत २०१९ च्या सेट परीक्षेची प्रश्नपत्रिका जशीच्या तशी दिल्याचे उघड झाले. १० जानेवारी २०२४ ला फेरपरीक्षा घेतली, तिथेही प्रश्नपत्रिकांचे काही संच मोहोरबंद नव्हते असा आरोप करत विद्यार्थ्यांनी बहिष्कार टाकला. त्यानंतर सरसकट पण अर्धी फेलोशिप देण्याचा प्रकार झाला, त्याविरुद्ध पुन्हा आंदोलन करावे लागले.

केंद्राकडेही वेगळे चित्र नाही. मौलाना आझाद फेलोशिप डिसेंबर २०२२ मध्ये बंद केल्याचे सरकारने लोकसभेत सांगितले. ती फक्त मुस्लिमांची होती असे आपल्यातल्या अनेकांना वाटते. त्या योजनेत बौद्धही होते. आपल्या किती संघटनांनी तेव्हा पत्रक काढले? परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत २०२२ साली भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतीय समाजाचा अभ्यास हे विषयच वगळले गेले. म्हणजे दलित विद्यार्थ्याने सरकारी पैशावर बाहेर जावे, पण जातीवर संशोधन करू नये. बाबासाहेबांचा १९१६ चा निबंध या नियमात बसला नसता.

ही सगळी आंदोलने आवश्यक होती आणि पुढेही लागतील. पण एक गोष्ट पाहा. संशोधनाची दोन-दोन वर्षे मैदानात जातात. ज्याच्या घरी पैसा आहे तो त्या काळात दोन प्रकरणे लिहून मोकळा होतो. व्यवस्थेला आपला अर्ज नाकारायचीही गरज नसते, तिने नुसता उशीर केला तरी तिचे काम होते. रोहित वेमुलाचे सात महिन्यांचे विद्यावेतन थकले होते, हे तो जाताना लिहून गेला. थकलेले विद्यावेतन हा लेखा विभागाचा विषय नसतो, तो माणसाच्या जिवाशी जाऊन भिडतो.

आपल्यातला एक आक्षेप

चळवळीतले काही ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतात, ‘पीएच.डी. वाले स्वतःपुरते बघतात. पदवी मिळाली, नोकरी लागली की वस्तीकडे फिरकत नाहीत. चळवळीने त्यांच्यासाठी का राबायचे?’

हा आक्षेप मी उडवून लावणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. फेलोशिपला पाच वर्षांचा पगार समजणारे आहेत. जुन्या प्रबंधांतून उताऱ्यावर उतारे उचलून प्रकरण भरणारे आहेत. विषयांचीही तीच गत आहे. ‘डॉ. आंबेडकरांचे अमुक विषयक विचार’ या साच्यातले किती प्रबंध झाले, ते शोधगंगेवर कोणीही पाहावे. बाबासाहेबांवर संशोधन करू नये असे कोण म्हणेल? पण बाबासाहेब स्वतः रुपयाकडे, प्रांतिक महसुलाकडे, शेतीच्या तुकड्यांकडे, जातीच्या उगमाकडे गेले. ते आकडे आणि दस्तऐवज घेऊन प्रश्नाला भिडले. त्यांच्या नावाने आपण मात्र उताऱ्यांच्या चिठ्ठ्या जोडत बसलो.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक बौद्ध नोंदले गेले. यातल्या किती कुटुंबांकडे जमीन आहे? १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात ज्या गावांनी भाग घेतला, तिथल्या गायरानाचे आज काय झाले? एका जिल्ह्याच्या न्यायालयात ॲट्रॉसिटीचे खटले कोणत्या टप्प्यावर मोडतात? कंत्राटी सफाई कामगाराचा भविष्य निर्वाह निधी कुठे अडकतो? ऊसतोडीला गेलेल्या मुलींची शाळा कोणत्या इयत्तेत सुटते? यावर आपल्या हातात आपला आकडा हवा. नसेल तर मोर्चातही आपण दुसऱ्यांचेच आकडे वाचतो.

म्हणून माझे उत्तर असे. संशोधक समाजापासून तुटतो, त्याचे एक कारण असे की समाज त्याच्या संशोधनात कुठेच नसतो. अर्ज त्याने एकट्याने भरला, मार्गदर्शकाचे टोमणे एकट्याने ऐकले, अर्धी फेलोशिप एकट्याने निभावली. मग पदवीही त्याला एकट्याचीच वाटते. चळवळ पहिल्या दिवसापासून सोबत असेल, तर शेवटच्या दिवशी हिशेब मागायचा हक्क तिला राहील.

गोपाळ गुरू यांनी २००२ साली इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत एक वादग्रस्त मांडणी केली. समाजशास्त्रांत सिद्धान्त मांडणारे वेगळे आणि माहिती गोळा करणारे वेगळे, आणि ही विभागणी जातीच्याच रेषेवर उभी आहे, असे त्यांनी दाखवले. आपण अजूनही दुसऱ्यांच्या प्रकल्पात प्रश्नावल्या भरून देणारी पोरेपोरीच आहोत का, हे आपणच तपासायला हवे.

आता कामाचे

नुसता वाद घालून भागणार नाही. संशोधनाची वाट धरणाऱ्यांनी आणि त्यांना मदत करणाऱ्या कार्यकर्त्यांनी काही गोष्टी डोक्यात पक्क्या ठेवाव्यात.

प्रवेशाचा नियम बदलला आहे. जून २०२४ पासून नेटचे निकाल तीन गटांत लागतात : जेआरएफ, सहायक प्राध्यापक व पीएच.डी. प्रवेश, आणि फक्त पीएच.डी. प्रवेश. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटासाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन आहे, आणि प्रवेशासाठी हे गुण एकच वर्ष चालतात. एक वर्ष हातचे गेले की परीक्षा पुन्हा. मुलाखतीचे ३० टक्के हीच ती जागा, जिथे आडनाव आणि भाषा बोलते. म्हणून मुलाखतीची तयारी गटाने करा. आपलाच विषय दहा मिनिटांत सांगण्याचा सराव आपल्याच माणसांपुढे पाच वेळा झाला, तर सहाव्या वेळी परक्यांपुढे आवाज कापत नाही.

यूजीसीचे नोव्हेंबर २०२२ चे पीएच.डी. नियम प्रत्येकाने स्वतः वाचावेत. किमान मुदत तीन वर्षे, कमाल सहा, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. पात्रतेच्या गुणांत अनुसूचित जातींना पाच टक्क्यांची सूट. प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी, ही मर्यादा. ‘माझ्याकडे जागा नाही’ असे कोणी म्हणाले, तर ती मर्यादा खरेच भरली आहे का ते विचारता येते. आमच्या कामात एका मुलीला लग्नानंतर विभागातून सांगितले गेले की तुझी मुदत संपली. नियमाची प्रत घेऊन ती परत गेली, तेव्हा मुदत शिल्लक निघाली.

शोधनिबंध छापण्याची सक्ती यूजीसीने २०२२ च्या नियमांत काढून टाकली. तुमच्या विद्यापीठाने ती स्वतःची म्हणून ठेवली आहे का, ते लेखी विचारा. यूजीसी-केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. तरी ‘केअर लिस्टेड’ असा शिक्का मारून पैसे घेणारी दुकाने चालूच आहेत. हजार-दोन हजार घेऊन आठवड्यात छापून देणारे नियतकालिक संशोधनाचे नसते. लेख तपासायला माणूस आहे का, संपादक मंडळ खरे आहे का, मागचे अंक वाचायला मिळतात का, एवढे तीन प्रश्न विचारले तरी निम्मे पैसे वाचतील. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली लेखकाकडून छपाईचे पैसे घेत नाही. मराठीत समाज प्रबोधन पत्रिकेसारखी जागा आहे.

उचलेगिरीचा नियम कडक आहे. २०१८ च्या यूजीसी नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य चालते. १० ते ४० टक्के निघाले तर सहा महिन्यांत सुधारून द्यावे लागते, ४० ते ६० टक्के निघाले तर एक वर्ष प्रबंध सादर करता येत नाही, ६० टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. आपल्या मुलावर हा आरोप आला की तो एकट्यावर राहत नाही, ‘हे लोक असेच’ या वाक्यात जातो. म्हणून उतारा घेतला की तिथेच ग्रंथ, पान आणि वर्ष लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसे आहे.

वाचायला पैसे नाहीत, ही सबब पूर्वीइतकी खरी उरलेली नाही. शोधगंगेवर देशभरातले लाखो प्रबंध मोफत आहेत. विषय ठरवण्याआधी तिथे देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपींत शोध घ्या. बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे यांचे इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. १९७९ साली पहिला खंड निघाला तेव्हा वसंत मून यांच्यासारख्या माणसांनी कागद-कागद गोळा केला होता. आज ते आपल्या मोबाइलमध्ये असून आपण न वाचता फॉरवर्ड करतो. जनगणनेचे तक्ते आणि राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची मूळ आकडेवारीही मोफत मिळते. भारत मानव विकास सर्वेक्षणाने २०११-१२ मध्ये ४२ हजारांहून अधिक कुटुंबांना विचारले, त्यात अस्पृश्यता पाळता का हा प्रश्नही होता आणि सुमारे २७ टक्के कुटुंबांनी कोणत्या ना कोणत्या रूपात पाळतो असे कबूल केले. ही मूळ आकडेवारीही नोंदणी करून मोफत घेता येते. ‘आता जात कुठे राहिली’ म्हणणाऱ्याला द्यायचे उत्तर तिथे पडून आहे.

१ जानेवारी २०२५ पासून केंद्राची ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना चालू आहे. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक आणि सुमारे १३ हजार नियतकालिके, असा तिचा पसारा. सरकारी उच्च शिक्षण संस्थांत नाव असलेल्या संशोधकाला ती घरबसल्याही वाचता येतात, मात्र त्यासाठी ग्रंथालयाकडून खाते उघडून घ्यावे लागते. आधी ग्रंथपालाकडे जा. तुमचे संशोधन केंद्र खासगी व्यवस्थापनाच्या कॉलेजात असेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयातून ही सोय मिळते का ते विचारा. ही योजना आपल्या करातून चालते, पण स्वतंत्र अभ्यासक आणि कार्यकर्ता तिच्या बाहेर आहे. सार्वजनिक ग्रंथालयात ती खुली करा, ही मागणी आपण का लावून धरू नये?

आणि शेवटी कागद. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, रहिवासी दाखला, नोंदणीचे पत्र, संशोधन सल्लागार समितीच्या दर सहा महिन्यांच्या सादरीकरणाचा अहवाल, हजेरी. यांच्या दोन प्रती घरी आणि एक मोबाइलमध्ये असू द्या. केंद्राच्या योजनेला केंद्राच्या नमुन्यातला अनुसूचित जातीचा दाखला लागतो. बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण शाळेच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ आहे म्हणून काम होत नाही. मुदतीच्या आठवड्यात हा दाखला निघत नसतो. कोणताही अर्ज दिला की आवक क्रमांक घ्या. तोंडी आश्वासनाचा त्याच दिवशी ई-मेल करा. फेलोशिप अडली तर माहिती अधिकारात दहा रुपयांत अर्ज करा : फाइल कोणत्या टेबलावर, किती दिवसांपासून, कोणत्या कारणाने. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील.

मार्गदर्शकाकडून किंवा विभागाकडून जातीवरून छळ होत असेल तर तारीखवार नोंद ठेवा आणि बोला. यूजीसीच्या २०१२ च्या नियमांनी भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितले होते. ते नियम कागदावरच राहिले म्हणून राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आया २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. विद्यापीठाने ऐकले नाही तर राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाचा दरवाजा आहे. पण सगळ्यात आधी कोणा एकाला तरी सांगा. त्या एकाने ऐकून घेणे, हे त्या दिवसापुरते चळवळीचे सगळ्यात मोठे काम असते.

व्हॉट्सॲप ग्रुप आहे की!

हे सगळे ग्रुपवर येतेच, असे कोणीतरी म्हणणार. येते. त्यातली निम्मी सूचना मागच्या वर्षीची असते, मुदतीची तारीख कापलेली असते, आणि खाली अर्ज भरून देणाऱ्या एजंटाचा नंबर असतो. तीनशे जणांच्या ग्रुपवर कोणी एक चुकीला जबाबदार नसतो. आपल्याला ग्रुप नको असे नाही, पण जबाबदार माणूस हवा.

माझी सूचना अगदी साधी आहे. आपल्याकडे गावोगावी, वस्तीवस्तीत विहारे आहेत. वंदना होते, जयंती होते, वर्षावासात ग्रंथवाचन होते. तालुक्यातल्या एका विहारात एक फळा लावा. त्यावर पुढच्या तीन महिन्यांच्या तारखा : नेट, सेट, पेट, बार्टी, केंद्राची अनुसूचित जाती फेलोशिप, परदेश शिष्यवृत्ती. तारीख मूळ अधिसूचना पाहूनच लिहायची आणि खाली लिहिणाऱ्याचे नाव टाकायचे. महिन्यातल्या एका रविवारी दोन तास बसायचे. ज्याची पीएच.डी. झाली आहे त्याने नव्या दोघांचे प्रस्ताव वाचायचे, इंग्रजी नीट करून द्यायचे, मुलाखत घ्यायची. जयंतीच्या वर्गणीतला अगदी थोडा भाग यासाठी बाजूला काढला तरी एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि इंटरनेट होते. डीजेचा एक तास कमी झाला म्हणून बाबासाहेब नाराज होणार नाहीत.

आणि जो संशोधक ही मदत घेईल, त्याच्यावर एक बंधन. प्रबंध पूर्ण झाला की त्याचा वीस पानांचा सारांश मराठीत लिहायचा आणि ज्या वस्तीत प्रश्नावली भरून घेतली, त्या वस्तीत बसून तो वाचून दाखवायचा. बायाबापड्यांनी दुपारचे काम सोडून आपल्याला उत्तरे दिली. त्यांनी काय सांगितले आणि आपण त्याचे काय केले, हे ऐकण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे. परीक्षकांपुढची तोंडी परीक्षा सोपी असते. वस्तीपुढची अवघड असते, कारण तिथे उतारे चालत नाहीत. हे होऊ लागले की ‘पीएच.डी. वाले फिरकत नाहीत’ ही तक्रार आपोआप कमी होईल.

सरकारकडे आपल्या मागण्या कायम आहेत. पात्र प्रत्येकाला पूर्ण फेलोशिप, नोंदणीच्या तारखेपासून. दरवर्षी ठरलेल्या महिन्यात जाहिरात. दर महिन्याला पैसे. परदेश शिष्यवृत्तीतली विषयांची बंदी मागे. यासाठी रस्त्यावर उतरावे लागले तर उतरू. पण फळा लावायला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. ‘शिका’ हा आपला पहिला शब्द आहे, आणि शिकायचे कुठे, कसे, कोणत्या तारखेच्या आत, हे सांगणारा माणूस प्रत्येक तालुक्यात उभा करणे म्हणजे ‘संघटित व्हा’ची सुरुवात आहे. या महिन्यात तुमच्या विहारात फळा लागला, तर त्यावर पहिली तारीख कोणती लिहिली ते मला जरूर कळवा.

जय भीम!